टर्बो कोणी जाळला

शर्यतीला नऊ दिवस राहिले होते, तेव्हा आमच्या गाडीनं शिट्टी मारायला सुरुवात केली. आधी बारीक, मग अशी की आम्ही सराव करायचो त्या खाणीवरची कुत्री भुंकायला लागली. शेवटच्या वळणावर मी पाय दाबला, तर गाडी पुढं जायच्या ऐवजी नुसतीच बोंबलली. आरशात पाहिलं तर मागं निळा धूर. डिझेलच्या गाडीचा काळा धूर परवडतो. निळा धूर म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल प्यायला लागलंय. टर्बो गेला, हे कळायला मला मिस्तरीची गरज नव्हती.

मी पेशानं शेतकरी. राजुरीत आमची कांदा-टोमॅटोची बागायत आहे, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला घाटात गाडी पळवायचा नाद लागला. या वयात लोकांचे गुडघे दुखतात, तुमचा पाय शिवशिवतो, असं बायको म्हणते. हौशी लोकांच्या शर्यती असतात. डोंगरातला एखादा रस्ता सकाळपुरता बंद करतात, खालून एकेक गाडी सोडतात आणि वर जायला किती सेकंद लागले ते मोजतात. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, कारण बैलगाड्यांच्या शर्यतीत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वीस वर्षं बैल पळवले. बंदी आली तेव्हा जड मनानं विकले, आणि बंदी उठली तोवर त्यांचं वय झालं होतं. त्यामुळं मी ही जुनी डिझेलची छोटी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा घरात दोघांचेच डोळे चमकले, माझे आणि त्यांचे.

गाडी आधी एका भाजीवाल्याची होती. मागची सीट काढली तर खाली दोन वाळलेले टोमॅटो निघाले. गाडी उलटली तरी छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा करावा लागतो. तो मी आळ्याच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. तो कांदाचाळी बांधणारा माणूस. त्यानं मापं घेतली आणि मन लावून विचारलं, “आतमंदी किती टन माल ठेवनार?” मी म्हटलं, ऐंशी किलो, आणि तो माल म्हणजे मी. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं आमच्याकडं लग्नाचं वय उलटून गेलेल्या पोराकडं पाहतात.

तर टर्बो. गोगलगाईच्या शंखासारखं एक बिडाचं भांडं असतं, आत एका दांडीवर दोन बाजूंना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक पंखा फिरवतो, आणि दुसरा पंखा त्याच जोरावर इंजिनात जादा हवा कोंबतो. चढावर छोट्या गाडीला जे बळ येतं ते इथून येतं. आमचा टर्बो मी सहाच महिन्यांपूर्वी आळेफाट्याच्या एका दुकानातून घेतला होता. साहजिकच माझा पहिला राग त्या दुकानदारावर निघाला. भर दुकानात, दहा गिऱ्हाइकांसमोर, मी त्याला चोर म्हणालो. माझं तोंड लहानपणापासून कडू आहे. डोकं नंतर चालतं, तोंड आधी.

डोकं चालवायचं काम मिस्तरीनं केलं. फाट्यावर त्याचं पिकअप आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, आणि शर्यतीच्या गाडीचं काम तो रविवारी, आवडीनं करतो. त्यानं टर्बो उतरवला, दांडी दोन बोटांत धरून हलवली. ती हलत्या दातासारखी खुळखुळली. मग टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी त्यानं कापडावर आपटली. आतून काळी खरपूड पडली, करपलेल्या भातासारखी.

“राव, ह्यो मेला न्हाई,” तो म्हणाला. “ह्याला मारलाय.”

“म्हणजे?”

“घाट चढून आल्यावर ह्यो लालबुंद झालेला असतो. आतमंदी दांडी मिनटाला लाखावर फेरे घेत असती, निस्त्या ऑइलच्या आधारानं. तवाच गाडी बंद केली की ऑइल थांबतं. जेवढं आत ऱ्हातं तेवढं जाग्याव करपतं. पुढच्या बारीला दांडी कोरडीच फिरती. दोन-तीन मिनटं गाडी उभ्या जाग्याव चालू ठिवायची, येवढंच असतंय. तुमाला काय म्या हे नव्यानं सांगायचं?”

नव्यानं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं.

“मंग वर गेल्याव गाडी बंद कोन करतं?” त्यानं विचारलं.

मी ती करपलेली नळी उचलून उगाच परत आपटली. त्यालाही कळलं असावं, कारण तो पान्हे धुवायला लागला.

वर गेल्यावर गाडी अण्णा बंद करायचे. सराव आम्ही एका बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यावर करायचो, मालकाला विचारून. अण्णा वरच्या टोकाला घड्याळ घेऊन उभे राहायचे. मी वर पोचायचो, गाडी चालूच ठेवून उतरायचो आणि टायर तपासायला वाकायचो. तेवढ्यात अण्णा खिडकीतून हात घालून चावी फिरवायचे. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, फाट्यावरून कॅनमधून डिझेल आणावं लागायचं, तेव्हापासूनची ती सवय. काम झालं की बंद. पहिल्या वेळी मी म्हणालो, “राहू द्या, अण्णा.” ते म्हणाले, “उगा कशाला जाळायचं?” आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या वेळीही बसलो. पुढं तर तो नेमच झाला. मी आपला दरवेळी मनात म्हणायचो, एवढ्यानं काय होतंय.

मी, जो भर दुकानात माणसाला चोर म्हणतो, तो गप्प का बसलो हे सांगायला हवं. आदल्या दिवाळीच्या तोंडावर अण्णांच्या छातीत दुखलं. पुण्याला नेलं, स्टेंट टाकला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि बायकोला केबिनमध्ये बोलावून औषधं समजावली आणि जाता जाता म्हणाले, त्यांना टेन्शन देऊ नका. ते सहज बोलले, आम्ही त्याचा कायदा केला. त्या दिवसापासून घरात अण्णांना कुणी नाही म्हटलं नाही. गाय मेली, तर आम्ही त्यांना सांगितलं विकली. माझी आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, घसरून पडली, पाय मोडला, तर सांगितलं ती लेकीकडं राहायला गेलीय. त्यांचं काही चुकलं तरी आम्ही सगळे हसून माना डोलवायचो. अण्णाही हळूहळू मऊ होत गेले, कमी बोलायला लागले. आम्हाला वाटलं, औषधाचा गुण.

आता अशा माणसाला जाऊन कसं सांगायचं, की तुमच्या हातानं टर्बो जळाला?

मी नाही सांगितलं. जुना झाला होता, म्हणालो. अण्णा म्हणाले, “आसं का,” आणि अंगणात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच दुकानात गेलो, चूक माझी होती म्हणून सांगितलं, आणि दुसरा टर्बो मागितला. दुकानदारानं टर्बो काढून दिला, नवीन नळी दिली, नवे गॅस्केट दिले, वर चहा पाजला. “पावणं, चोराकडचा चहा चालतो नव्हं?” एवढंच म्हणाला. मी तो चहा कसाबसा प्यालो.

बसवायला तीन दिवस गेले. एक बोल्ट मुळाशीच तुटला, अर्धा आत राहिला. मिस्तरीनं त्या तुटक्या बुंध्यावर नट वेल्डिंग केला, तो तापलेला असतानाच पान्हा लावला आणि श्वास रोखून फिरवला. तो निघाला तेव्हा मी त्याला मिठी मारली, ग्रीससकट. मग जुन्या टर्बोनं ओकलेलं सगळं ऑइल पाइपांमधून आणि हवा थंड करणाऱ्या कूलरमधून पुसून, धुऊन काढलं. ते आत राहिलं असतं तर इंजिन त्याच ऑइलवर सुसाट सुटलं असतं आणि चावी काढूनही थांबलं नसतं. इंजिनाचं ऑइल बदललं. नव्या टर्बोत इंजेक्शनच्या सिरिंजनं थेंब थेंब ऑइल भरलं. डिझेल तोडून नुसता स्टार्टर मारला, परतीच्या नळीतून ऑइल येईपर्यंत. आलं, तेव्हा डिझेल जोडलं. गाडी सुरू झाली, शिट्टी नाही, धूर नाही. जीव भांड्यात पडला.

पण तो पुरता काही पडला नव्हता. शर्यतीच्या दिवशी दोन फेऱ्या असतात. पहिल्या फेरीनंतर वर अण्णा असले आणि त्यांनी चावी फिरवली, तर दुसऱ्या फेरीला काय? एकदा बंद केल्यानं टर्बो लगेच जळत नाही, हे मलाही कळत होतं. पण ताकानं पोळलो होतो की दुधानं, कुणास ठाऊक, माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो हात यायचा. शेवटी मी रात्रीच्या जेवणावर अण्णांना म्हणालो, “गर्दी लई असती, धूळ असती, तुमी या वेळी येऊ नका.” अण्णांनी हातातला घास खाली ठेवला आणि नुसती मान हलवली.

नंतर बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, “हे काय बरं न्हाई केलं तुमी. खरं सांगायचं व्हतं.”

“आणि छातीत दुखलं म्हणजे?”

“आन आता काय कुठं दुखलं न्हाई का?” ती म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो.

शर्यतीच्या दिवशी पहाटे गाडी ट्रेलरवर चढवून आम्ही पिकअपमध्ये बसायला गेलो, तर पुढच्या सीटवर अण्णा. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, मांडीवर जेवणाचा डबा. “म्या येनारे,” ते म्हणाले. आमच्या घरात त्यांना नाही म्हणायची पद्धतच उरली नव्हती. मी आणि मिस्तरी त्यांच्या शेजारी दाटीवाटीनं बसलो.

डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला तो रस्ता आहे. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती आणि बांधाबांधावर वरच्या वाड्यांमधली माणसं येऊन बसली होती. एका आजीनं आमच्या गाडीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “शीट येकच? मंग बायकूला कुठं बसवतो?” तपासणीवाल्यानं पट्टे ओढून पाहिले, आग विझवायचं नळकांडं पाहिलं, बॅटरी हलवून पाहिली, बॉनेटमध्ये टॉर्च मारला. टर्बोखाली ऑइलचा एक थेंब नव्हता. मी मिस्तरीला बाजूला घेऊन बजावलं, अण्णांना इथंच, खाली, तुझ्याजवळ ठेव.

झेंडा पडला. पहिली दोन वळणं मी घाबरतच घेतली, कान त्या शिट्टीकडं. ती आली नाही. तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना पाय पूर्ण दाबला आणि पाठीत ती धडक बसली, भरल्या अंगाच्या बैलानं दिलेल्या हिसक्यासारखी. तिथून वरपर्यंत मी मोठमोठ्यानं काहीतरी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. शेवटची रेघ ओलांडून वरच्या माळावर गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं. हेल्मेट काढलं, पट्टे सोडवायला लागलो.

आणि खिडकीतून हात आत आला. धोतर, टोपी, अण्णा. मी सुटायच्या आधी संयोजकांची जीप वर आली होती, तिच्यात बसून ते माझ्याही आधी पोचले होते. त्यांची बोटं चावीवर पडली.

“हात काढा!” मी ओरडलो. मनगटच धरलं त्यांचं. “कळत न्हाई का तुमाला? काढा हात तिथनं!”

माळावरची सगळी माणसं वळून पाहायला लागली. अण्णांनी हात मागं घेतला. पण एकदा सुटलेलं तोंड आता थांबेना. मी गाडीतून उतरलो आणि म्हणालो, “घाटातनं पळून आलेला बैल तुमी लगेच खुट्याला बांधला का कधी?”

“न्हाई.”

“का न्हाई?”

“आखडतो. एखांदा मरतो बी. आदी फिरवायचा, घाम निवू द्यायचा.”

“मंग हिला पण तसंच असतंय, अण्णा. लगेच बंद केली की आतल्या आत जळती.”

त्यांनी तापलेल्या बॉनेटवर तळवा टेकवला. चाळीस वर्षं जनावरं राखलेला माणूस, त्यांना दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

“म्हंजी पयला म्या मारला,” ते म्हणाले.

नाही म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण बायकोचे शब्द आठवले आणि मी म्हणालो, “व्हय. तुमी मारला. आन मी बघत बसलो.”

अण्णा बाजूच्या दगडावर बसले. त्यांचा चेहरा हलायला लागला. मी खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी चाचपली आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. मनात म्हटलं, संपलं, एका टर्बोपायी बाप घालवला.

“डाक्टर काय बोलला व्हता?” त्यांनी विचारलं.

“कधी?”

“तवाच. तुमाला दोघांना आत नेऊन. खरं सांग. किती दिस हायेत?”

मला काहीच कळेना. अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले.

“वरीस झालं, घरात कुनी माज्यावर वरडलं न्हाई,” ते म्हणाले. “सून न्हाई, पोरं न्हाई. आन तू? तुजं तोंड मला म्हाईत न्हाई का? तू बी गोड बोलाया लागला. तवाच म्या समजलो, आपलं भरलंय. ह्यांना समदं ठावं हाये, मलाच सांगत न्हाईत. परवा तू येऊ नका म्हनला, तवा तर खात्रीच पटली. रोज निजताना म्हनायचो, उद्याचं काय दिसत न्हाई.”

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला शेतभर फिरवून पाइपलाइनचे वॉल्व्ह कुठं कुठं पुरलेत ते दाखवलं होतं, विळ्याच्या टोकानं जमिनीवर खुणा करून. मी वैतागून मोबाइल बघत मागं मागं फिरलो होतो. माणूस निरोप घेत होता, आणि मला वाटलं होतं, त्यांचा वेळ जात नाही.

“अण्णा, तुमच्या गळ्याशपथ,” मी म्हणालो, “डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या, रोज चाला, काही होत नाही. बस. आणि त्यांना टेन्शन देऊ नका म्हणाले.”

“येवढंच?”

“एवढंच.”

मग त्यांनी मला एक अशी शिवी दिली की जवळ उभा असलेला संयोजकांचा माणूस दचकून लांब सरकला. “आरं मंग हे टेन्शन न्हवतं का?” अण्णा म्हणाले. आणि हसायला लागले, रडत रडतच. मीही. इतकं हलकं मला त्यांच्या ऑपरेशनच्या खोलीतून ते बाहेर आले तेव्हाही वाटलं नव्हतं. आम्ही दोघं त्या दगडाजवळ किती वेळ होतो कोण जाणे. गाडी बंद करायची कुणाला आठवणच राहिली नाही, शेवटी तो संयोजकांचा माणूस येऊन विचारायला लागला, बंद करू का म्हणून.

दुसरी फेरी पहिलीपेक्षा दीड सेकंदानं बरी झाली. नंबर वगैरे काही आला नाही, येणारही नव्हता. टर्बोनं तोंडातून ब्र काढला नाही.

परतीच्या वाटेवर अण्णांनी सुरुवात केली. तिसऱ्या वळणाला गाडी उगाच बाहेर घातली, वरून सगळं दिसत होतं म्हणाले. मी म्हणालो, तुम्हाला गाडीतलं काय कळतं. ते म्हणाले, वळणातलं कळतं. मग एकाएकी विचारलं, “गाय इकली का मेली?” मेली, मी म्हणालो. “आन तुजी आत्या?” तेही सांगितलं. मग मात्र ते खरोखरच पेटले. माझी बहीन पडली आन मला सांगितलं न्हाई? कोन तू? घोडेगाव गेलं, मंचर गेलं, ते मला झाडतच होते आणि मीही काही ऐकून घेत नव्हतो, कारण वर्षभराची भांडणं दोन्ही बाजूंनी बाकी होती. मिस्तरी आमच्या दोघांच्या मधे अंग चोरून बसला होता. नारायणगावला त्यानं चहासाठी थांबायचं सुचवलं, तर आम्ही दोघं त्याच्यावरच ओरडलो. आत्याकडं उद्या सकाळीच जायचं, एवढं आळेफाट्यापर्यंत ठरलं. बाकी काही मिटलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दोघांचेही घसे बसले होते. बायको दारातच उभी होती. अण्णांचा आवाज ऐकून ती घाबरली.

“अण्णा, काय झालं? कुठं दुखतंय का?”

“काय न्हाई,” अण्णा म्हणाले, “भांडत आलो.” आणि हातपाय धुऊन, जेवायला वाढ म्हणून पाटावर बसले.